एकवीस दिवस झाले, अंडी फुटत नाहीत: मेलेल्या पिल्लावरून चूक कशी शोधायची

मागच्या फेब्रुवारीत मी अंडी उबवायच्या पेटीत चोवीस अंडी ठेवली, पाच पिल्लं निघाली. जुलैत परत चोवीस ठेवली, सात निघाली. कोंबड्या त्याच, कोंबडा तोच, पेटी तीच, पाणी घालणारा हातही तोच. फेब्रुवारीत उरलेली एकोणीस अंडी मी शेणखताच्या खड्ड्यात पुरली आणि सगळा दोष कोंबड्याला देऊन मोकळी झाले. जुलैत पुरायला निघाले तेव्हा आत्यांनी अडवलं. आत्या म्हणजे सासूबाई. आमच्या घरात तसंच म्हणतात. म्हणाल्या, "पुरतीस कशाला लगेच? फोडून बघ की आधी, आत काय झालंय ते."

मला किळस आली. त्यांना नाही आली. परड्यात फणसाखाली खताचं रिकामं पोतं अंथरलं आणि आम्ही दोघी बसलो. सतरा अंडी. तीन नुसती साफ, बलक आणि पांढरं. दोनांत रक्ताची बारीक चकती. उरलेल्या बारांत पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसांसकट, नखांसकट. पण ती फुगलेली होती, मान जाड, अंग बुळबुळीत, आणि कवच उघडल्याबरोबर चिकट पाणी पोत्यावर सांडायचं. बोथट टोकाकडं जी हवेची पोकळी असते ती जेमतेम रुपयाएवढी. चौथं अंडं उघडल्यावर आत्या म्हणाल्या, "ह्याच्या पोटात पाणी झालंय की गं. बुडून मेलंय हे."

त्यांनी आयुष्यात हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) बघितलेला नाही, पण निदान बरोबर होतं. जुलैत पिल्लं बुडाली होती. आणि मग फेब्रुवारीतलं आठवलं. तेव्हा सात-आठ अंड्यांना चोचीनं भोक पाडलेलं होतं, पिल्लू आतून ओरडत होतं, आणि दुसऱ्या दिवशी गप्प झालं होतं. भोकातून दिसणारा पडदा पापडासारखा सुकून पिल्लाला चिकटलेला. म्हणजे दोन्ही वेळा पिल्लं शेवटच्या तीन दिवसांतच मेली, पण एकदा पाणी कमी पडून आणि एकदा जास्त होऊन. मी मात्र दोन्ही वेळा विकतच्या पेट्यांच्या माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे पाण्याच्या दोन्ही ताटल्या काठोकाठ भरल्या असं समजत होते. फेब्रुवारीत त्या रात्रीत आटायच्या आणि मी दिवसाआड बघायचे, ही गोष्ट वेगळी.

"आमची अंडी उबत नाहीत, काय करू" असं कुणी विचारलं की मी आता एकच उलट प्रश्न विचारते: आत पिल्लू किती वाढून मेलं? हे कळल्याशिवाय सांगितलेला कुठलाही उपाय अंदाजपंचे.

फोडायची कशी

तेविसावा दिवस संपेपर्यंत थांबा. पेटी थोडी थंड चालली असेल तर पिल्लं बावीस-तेवीस दिवसांनी निघतात, आणि घाईत जिवंत अंडं फोडल्याची हळहळ फार दिवस राहते. कानाशी धरा, टकटक किंवा बारीक चिवचिव येते का ऐका. मग घराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसा. ज्या अंड्याला वास येतोय, कवचातून घाम फुटल्यासारखं काही झिरपतंय, ते फोडू नका. आत वायू साठलेला असतो, तोंडावर फुटतं. ते तसंच खोल पुरा. बाकीच्यांच्या बोथट टोकावर चमच्यानं टिचकी मारून टोपी काढल्यासारखं कवच काढायचं. काम झालं की हात साबणानं धुवा, आणि हा उद्योग स्वयंपाकघरात नको.

आत काहीच वाढ नसेल, तर दोन शक्यता. अंडं फळलेलंच नव्हतं, किंवा फळलेलं होतं पण पेटीत जायच्या आधीच त्यातला जीव गेला. वीस दिवस उबेत राहिलेल्या अंड्यात हे दोन वेगळे करता येत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी ठेवण्याआधी त्याच घोळातली तीन-चार ताजी अंडी ताटलीत फोडून बघा. बलकावर एक पांढरा ठिपका असतो. नुसता बारीक, भरीव, वेडावाकडा ठिपका असेल तर अंडं वांझ. तीन-चार मिलिमीटरचं गोल कडं आणि मधे फिकट, टिकलीसारखं दिसत असेल तर फळलेलं. ती अंडी वाया जात नाहीत, अंड्याची पोळी करून खायची.

रक्ताचं कडं किंवा बारीक शिरा दिसल्या तर पिल्लू पहिल्या चार-पाच दिवसांत मेलेलं. याची कारणं बहुतेक वेळा अंडी साठवण्यात आणि सुरुवातीच्या तापमानात असतात. डोळा काळा दिसतोय, अंगावर पीस नाही किंवा नुकतं फुटतंय, असं मधल्या दिवसांतलं मरण आपल्यासारख्यांकडं कमी असतं. ते जास्त दिसलं तर कोंबडीच्या खाण्याकडं बघा. नुसत्या कणीवर आणि भातावर जगणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात पिल्लाला पुरेल एवढं जीवनसत्त्व नसतं. विशेषतः बी-२ कमी पडलं की पिल्लं अर्ध्यात जातात. शेवगा, मेथी, गवत, उकिरड्यातले किडे आणि थोडं तयार खाद्य मिळालं की सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो. अंडी न फिरवणं हे दुसरं कारण. फिरवलं नाही तर पिल्लू एका बाजूच्या पडद्याला चिकटून बसतं. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायचं, म्हणजे विषम. कारण रात्रीचा मोठा पल्ला रोज त्याच कुशीवर जाऊ नये. मी पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढते. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं निघालं, तर पुढचं नीट वाचा, कारण बहुतेकांचा घोळ इथंच असतो.

पाणी: पावसाळ्यातली चूक उन्हाळ्यातल्या चुकीच्या उलट

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि तेवढी हवेची पोकळी मोठी होत जाते. विसाव्या दिवशी पिल्लू चोच त्या पोकळीत घालतं, तिथं पहिला श्वास घेतं, आणि मग कवच फोडतं. पोकळी लहान राहिली तर श्वासाला जागा नाही, पिल्लू ओलंच बुडतं. पोकळी फार मोठी झाली तर आतलं सगळं सुकतं, पडदा चामड्यासारखा होतो आणि पिल्लाला मान वळवता येत नाही.

पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, हे आकडे सगळीकडं लिहिलेले असतात आणि ते बरोबर आहेत. पण "दोन ताटल्या भरा" हे जे विकतच्या पेटीसोबत लिहून येतं ते कुठल्या गावच्या हवेसाठी लिहिलंय ते कुणाला ठाऊक. बेळगाव-जांबोटी रस्त्याला आमचं घर आहे. जुलैत कपाटातले कपडे ओले लागतात, पापड तळायच्या आधी चुलीवर शेकावे लागतात. ही हवा पेटीत जाऊन ३७.५ अंशांना तापली की तिची आर्द्रता निम्म्याहून खाली येते, तरी चाळीसच्या आसपास राहतेच. तिला थोडंसंच पाणी लागतं. मला चहाच्या कपाएवढं उघडं तोंड असलेली एक वाटी पुरली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचं कोरडं वारं सुटतं तेव्हा तीच पेटी, पाणी नसेल तर वीस टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा दोन्ही ताटल्या लागतात, आणि त्या रोज भराव्या लागतात. पाण्याची खोली महत्त्वाची नाही, पसारा महत्त्वाचा. खोल तांब्यापेक्षा पसरट ताटलीतलं पाणी जास्त उडतं. बेळगाव शहरात किंवा त्याच्या पूर्वेला, बैलहोंगल-गोकाककडं राहणाऱ्यांना माझा पावसाळ्याचा हिशेब लागू पडेलच असं नाही. तिथली हवा वेगळी.

मग आपल्या हवेत किती पाणी घालायचं हे कसं ठरवायचं? स्वस्तातल्या हायग्रोमीटरवर विश्वास ठेवू नका. आधी त्याला तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, हायग्रोमीटरसोबत ते एका घट्ट बंद डब्यात दहा-बारा तास ठेवा. बरोबर असेल तर तो ७५ दाखवेल. माझा ६६ दाखवत होता. म्हणजे नऊ टक्के कमी. जुलैत मी ५५ समजून ६४ वर चालवत होते!

त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे वजनाचा काटा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के कमी व्हायला पाहिजे. सगळी अंडी ठेवायच्या दिवशी ट्रेसकट तोला, ट्रेचं वजन वजा करा. अंडी १ किलो भरली असतील तर सातव्या दिवशी ९५० ग्रॅमच्या आसपास, अठराव्या दिवशी ८७० ते ८९० ग्रॅम. सातव्या दिवशी ९७० भरली तर पाणी जास्त आहे, ताटली काढा. ९३० भरली तर कमी आहे, आणखी एक ठेवा. अजून अकरा दिवस हातात असतात, चूक भरून निघते. वांझ अंडी सातव्या दिवशी काढलीत तर काढलेल्यांचं मूळ वजन हिशेबातून वजा करायला विसरू नका. म्हणून मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं वजन लिहिते. आमच्या हिनं अंड्यांवरही उधारीचा हिशेब मांडलाय, असं घरात म्हणतात. म्हणू देत.

काटा नसेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पोकळीची कड पेन्सिलीनं आखा. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी आखलेल्या तीन रेघा दिसायला पाहिजेत, एकीखाली एक सरकत गेलेल्या. अठराव्या दिवशी पोकळी साधारण अंड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचलेली असते.

शेवटच्या तीन दिवसांत मात्र झाकण उघडायचं नाही. फेब्रुवारीत पडदे सुकले त्यात माझ्या उत्साहाचा वाटा मोठा होता. शेजारची पोरं, जाऊबाई, त्यांच्या मैत्रिणी, सगळ्यांना चोच दाखवायला मी दर तासाला झाकण उघडत होते. प्रत्येक वेळी आतली वाफ निघून जाते. भोक पडल्यापासून पूर्ण बाहेर यायला पिल्लाला बारा ते चोवीस तास लागतात, तो वेळ त्याला पोटात बलक ओढून घ्यायला आणि पडद्यातलं रक्त आटायला पाहिजे असतो. मदत म्हणून कवच सोललं की रक्त येतं आणि पिल्लू जातं. निघालेलं पिल्लूही लगेच काढू नका. पोटात बलक असतो, त्यावर ते दोन-अडीच दिवस काढतं. म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबच्या गावी पाठवता येतात.

तापमान

पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश. पंखा नसेल तर गरम हवा वर आणि थंड खाली राहते, म्हणून अंड्याच्या वरच्या पाठीशी मोजून ३८.३ ते ३८.९. हा फरक न समजल्यानं बऱ्याच जणांच्या पेट्या फसतात.

पिल्लं विसाव्या दिवसाच्या आत निघाली, लहान, बेंबी कच्ची आणि रक्ताळलेली, तर पेटी गरम चालली. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी निघाली, पोट मोठं, सुस्त, तर थंड. थर्मामीटर तपासायला तापाचा डिजिटल थर्मामीटर वापरा: कोमट पाण्यात दोन्ही एकत्र बुडवून आकडे जुळतात का बघा. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा एकवीस दिवसांत दिसतो.

आमची पेटी दिरानं बनवली. थर्माकोलचं खोकं, संगणकातला जुना बारा व्होल्टचा पंखा, डब्ल्यू-१२०९ म्हणून मिळतं ते छोटं थर्मोस्टॅट आणि दोन चाळीस वॅटचे पिवळे बल्ब. तिनं तीन वेळा दगा दिला. एकदा सेन्सर बल्बपाशी लोंबत होता, त्यामुळं तिथं ३७.५ झालं की बल्ब बंद, आणि अंड्यांपाशी ३५. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, बल्बच्या थेट उजेडात न येईल असा पाहिजे. दुसऱ्यांदा बल्ब गेला आणि घरातल्या कुणीतरी चांगल्या मनानं एलईडी लावला. उजेड भरपूर, ऊब नाही. तिसऱ्यांदा थर्मोस्टॅटमधला रिले (आतला स्विच) चिकटला, म्हणजे बल्ब बंदच होईना. पहाटे उठून बघते तर ४२. ती अख्खी फेरी गेली. थंडीपेक्षा उष्णता फार लवकर मारते हे तेव्हा कळलं. तेव्हापासून बल्बच्या वायरीत ३९ अंशांना तोडणारं दुसरं थर्मोस्टॅट आहे.

वीज गेल्यावर लोक घाबरून अंडी काढतात, चुलीजवळ ठेवतात. काही करू नका. दोन-तीन तास गेली तर झाकण न उघडता वरून गोधडी घाला, हवेची भोकं मोकळी ठेवा. खुडूक कोंबडीसुद्धा रोज वीस मिनिटं अंडी सोडून चरायला जातेच. जास्त वेळ गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत ठेवा. पिल्लं एखादा दिवस उशिरा निघतील. शेवटच्या आठवड्यात पिल्लं स्वतः ऊब देतात, तेव्हा त्यांना गुदमरण्याचं भय जास्त. भोकं बुजवू नका.

वळवाचा गडगडाट आणि नासलेली अंडी

आत्यांच्या मते वैशाखातल्या गडगडाटानं अंडी नासतात. म्हणून कोंबडीखाली त्या एक कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवतात. मी हसायचे. पण त्यांचं निरीक्षण खरं आहे: एप्रिल-मे महिन्यांत ठेवलेली अंडी खरंच जास्त नासतात. कारण वेगळं असावं असं मला वाटतं. वळीव पडायच्या आधी आठ-पंधरा दिवस जो उकाडा असतो त्यात घराच्या आत ३३-३५ अंश होतं. साठवलेलं अंडं चोवीस-पंचवीस अंशांच्या वर गेलं की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो, पण नीट वाढायला लागते तेवढी ऊब नसते. दुपारी वाढतं, रात्री थांबतं, परत दुपारी वाढतं, आणि चार-पाच दिवसांत मरतं. आपण ते कोंबडीखाली ठेवतो ते मेलेलंच. मग वळीव पडतो, अंडी फुटत नाहीत, आणि नाव विजेचं होतं.

तर उन्हाळ्यात अंडी स्वयंपाकघरातल्या बुट्टीत ठेवू नका. पाण्याच्या मडक्याशेजारी, जमिनीवर, ओल्या वाळूच्या परातीत बसवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा. फ्रीजचा मुख्य कप्पा फार थंड पडतो. सात दिवसांहून जुनी अंडी ठेवू नका. उकाड्यात तीन-चार दिवस हीच हद्द. बोथट टोक वर. उलटं ठेवलेल्या अंड्यात पिल्लाचं डोकं निमुळत्या टोकाला जातं आणि शेवटी त्याला हवा सापडत नाही. शेण लागलेलं अंडं पाण्यानं धुऊ नका. कवचावरचा नैसर्गिक थर निघतो आणि घाण छिद्रांतून आत जाते. सुकल्यावर नखानं खरवडा, फार माखलेलं असेल तर खाऊन टाका.

कोळसा आणि खिळा मी काढलेला नाही. त्यानं काही बिघडत नाही.

खुडूक कोंबडी बसवली तरी अंडी वाया जातात, तर

खुडूक कोंबडी नीट बसली तर पेटीपेक्षा चांगली. ओलावा, फिरवणं, सगळं तिला कळतं. पण तिच्याखालीही बारातली चारच निघत असतील, तर मी सगळ्यात आधी रात्री टॉर्च घेऊन तिच्या पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघते. पिसवा झाल्या असतील तर ती रात्रभर चुळबुळ करते, अंडी सोडून उठते, अंडी थंड पडतात. बसवायच्या आधी तिच्या अंगाला आणि घरट्याला राख चोळा. जास्तच असतील तर पशुवैद्याकडून पावडर आणा. शेतातलं कीटकनाशक अंदाजानं मारू नका, आत पिल्लं आहेत.

दुसरं, इतर कोंबड्या तिच्या पाटीत येऊन अंडी घालून जातात. एकविसाव्या दिवशी निम्मी पिल्लं निघतात, कोंबडी त्यांना घेऊन उठते, आणि बारा-पंधरा दिवसांची अंडी उघड्यावर राहतात. लोक म्हणतात "निम्मी वाया गेली". बसवताना कोळशानं खुणा करा, बिनखुणेचं अंडं रोज काढा, आणि तिची पाटी वेगळ्या खोलीत न्या. हलवायचं ते रात्रीच; दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागी परत जाऊन बसते. गावठी कोंबडीला दहा-बारा अंडी पुरे. गिरिराजा या संकरित जातीची मोठी अंडी असतील तर आठ-नऊ. पंधरा ठेवली की कडेची आळीपाळीनं थंड पडतात आणि सगळीच बिघडतात.

साफ अंडी जास्त निघत असतील, तर कोंबड्याकडं बघायची पाळी. एका कोंबड्यामागं आठ-दहा कोंबड्या ठीक. पण आमच्याकडं खरी अडचण वेगळी होती. कोंबडा पाच वर्षांचा, आणि निम्म्या तलंगी त्याच्याच लेकी. जवळच्या रक्तात अंडी कमी फळतात आणि पिल्लंही अशक्त होतात. माझं माहेर चंदगडकडं. तिथून भावाकडचा कोंबडा आणला, आमचा तिकडं दिला. शिनोळीची महाराष्ट्र-कर्नाटक हद्द ओलांडून टेम्पोतून आलेला हा कोंबडा. सीमाप्रश्न त्याच्या गावीही नाही. पंधरा दिवसांनी घेतलेल्या अंड्यांत चोवीसपैकी दोनच साफ निघाली.

अंडी किंवा पिल्लं विकत आणताना

दुकानातली पांढरी ट्रेची अंडी उबवायला ठेवू नका, त्या फार्मात कोंबडाच नसतो. तरी दरवर्षी कुणीतरी ठेवतंच. बाजारातून किंवा पाहुण्यांकडून एसटीनं धक्के खात आलेली अंडी घरी आल्यावर बोथट टोक वर करून अर्धा ते एक दिवस स्वस्थ ठेवा, मगच पेटीत.

गिरिराजा आणि स्वर्णधारा बेंगळुरूच्या हेब्बाळमधल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आल्या, वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातून. परसात चांगल्या वाढतात, अंडी गावठीपेक्षा कितीतरी जास्त. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि संकरातून आल्यामुळं त्यांच्या अंड्यांतली पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत. मी गिरिराजाच्या अंड्यांसाठी खुडूक गावठी वापरते, आणि पुढची पिढी कशी निघेल याची आशा धरत नाही. एका विक्रेत्यानं मला "पक्की गावठी" म्हणून जी पंचवीस पिल्लं दिली ती सहा आठवड्यांत ब्रॉयलरसारखी पाय पसरून बसायला लागली. पिल्लाचे पाय बघून घ्या: जाड, पिवळे आणि वजनदार पाय म्हणजे गावठी नव्हे. बेंबी सुकलेली आहे का, मागची बाजू माखलेली नाही ना, हेही उलटं करून बघा. विक्रेता वैतागला तर वैतागू दे.

निघालेली पिल्लं दहा दिवसांत मरतात, तर

हा खरं तर वेगळा विषय, म्हणून थोडक्यात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीशी ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालतं: बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी, भिंतीला चिकटून चोच उघडी ठेवत असतील तर उष्णता, सगळीकडं पसरून चरत असतील तर ठीक. इथंही एलईडीचा घोळ होतोच. भाताचं तूस कोरडं पाहिजे; पावसाळ्यात ते ओलं झालं की तिसऱ्या आठवड्यात रक्ती हगवण येते.

मानमोडीची (म्हणजे राणीखेत रोगाची) लस पाचव्या ते सातव्या दिवशी, लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात परत, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बीचं इंजेक्शन. आपल्या सरकारी दवाखान्यात मानमोडी म्हटलं आणि कळलं नाही तर कन्नडमध्ये 'कोक्करे रोग' म्हणा. लसीची सगळ्यात लहान बाटलीसुद्धा सहसा शंभर पिल्लांची येते, आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी कुणी ती फोडत नाही, आणि म्हणून गल्लीत कुणाचीच लस होत नाही. आमच्या गल्लीत आता सहा घरं एकाच आठवड्यात अंडी ठेवतात. पिल्लं एकदम निघतात, बाटली एकच, बर्फाच्या थर्मासमधून आणायची, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर घरोघर थेंब घालत जायचं. गेल्या खेपेला चौसष्ट पिल्लं झाली. मी धरत होते, जाऊबाई थेंब घालत होत्या, आणि आत्या झालेल्या पिल्लाच्या पायाला कुंकवाचं बोट लावून डालग्याखाली सारत होत्या, म्हणजे एकाच पिल्लाला दोनदा नको.